कुलाबा किल्ल्यावरचा ग्रस्तास्त: एका ग्रहणाच्या फोटोचं नियोजन

२५ ऑक्टोबर २०२२ चं खंडग्रास सूर्यग्रहण मुंबई-अलिबागच्या पट्ट्यात ऐन भरात होतं संध्याकाळी ५ वाजून ४२ मिनिटांनी. त्या वेळी सूर्याचा २४ टक्के भाग झाकलेला होता. आम्ही मात्र अलिबागच्या कुलाबा किल्ल्यासह घ्यायच्या फोटोसाठी ठरवली होती ६ वाजून ३ मिनिटांची वेळ. तोपर्यंत ग्रहण ओसरून साधारण सहावा हिस्साच झाकलेला उरणार होता. हे आम्हाला आधीपासून माहीत होतं, आणि तरी वेळ तीच ठेवली.

कारण सोपं आहे. ग्रहण आणि निसर्गदृश्य एका चौकटीत हवं असेल, तर जमीन आपल्या जागेवरून हलत नाही. सूर्याला जमिनीपर्यंत खाली येऊ द्यावं लागतं. ५:४२ ला सूर्य क्षितिजापासून सुमारे ५ अंश वर होता. ऐकायला हे थोडं वाटतं, पण ५ अंश म्हणजे एकावर एक ठेवलेले नऊ-दहा सूर्य. लांब पल्ल्याच्या लेन्सच्या चौकटीत सूर्य वर आणि किल्ला पार तळाला, मधे नुसतं रिकामं आकाश, असं ते चित्र झालं असतं. ६:०३ ला तोच सूर्य तटबंदीवर टेकणार होता. आठ टक्के ग्रहण सोडून देऊन आम्ही किल्ला मिळवला. पुढचं सगळं नियोजन या एका निर्णयाभोवती फिरत राहिलं.

हे ग्रहण आपल्याकडे ग्रस्तास्त होतं, म्हणजे सूर्य ग्रहण लागलेलं असतानाच मावळणार होता. मुंबईत स्पर्श, म्हणजे ग्रहणाची सुरुवात, ४:४९ ला, मध्य ५:४२ ला आणि सूर्यास्त ६:०८ ला. मोक्ष, म्हणजे ग्रहणाचा शेवट, क्षितिजाखाली, आपल्याला न दिसणारा. म्हणजे ग्रहण दिसण्याचा अवधी १ तास १९ मिनिटं. दिल्लीत सूर्य ४४ टक्के झाकला जाणार होता, पण तिथे समुद्र नाही आणि दिवाळीनंतरच्या दिल्लीचं आकाश कसं असतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. झाकलेला भाग कमी असला तरी पश्चिमेला मोकळं क्षितिज असलेला कोकण किनारा या ग्रहणासाठी अधिक योग्य होता, असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे.

जागा कशी ठरली

पहिल्यांदा मनात आला तो हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा. पश्चिमेला तोंड, खाली अख्खं कोकण. पण कड्याच्या टोकावर उभं राहिलं की समोर काहीच उरत नाही. सगळी भव्यता पायाखाली, आणि सूर्यासमोर नुसती धूसर पोकळी. सूर्याच्या अंगावर यायला काहीतरी काळंभोर, ओळखीच्या आकाराचं हवं. शिवाय दिवाळीच्या सुट्टीत गडावर तंबूंची दाटी होणार हे नक्की होतं.

सिंहगडावरून तोरणा हा दुसरा विचार. दिसायला मोह पडावा असाच, पण दिशेने घात केला. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला १२ अंशांवर असतो. आपल्या अक्षांशावर तो मग नेमक्या पश्चिमेला न मावळता तिथून १२-१३ अंश दक्षिणेकडे सरकून मावळतो. होकायंत्राच्या भाषेत २५७ अंश. सिंहगडावरून तोरणा दिसतो तो याच्याही बराच डावीकडे, नैऋत्येच्या बाजूला. सूर्य तोरण्यामागे जाणार नव्हता, आणि गड तर हलवता येत नाही. तोरणा २५७ अंशांवर दिसेल अशी जागा शोधायची तर खाली खेड शिवापूरच्या अंगाला उतरावं लागतं आणि मधल्या डोंगरसोंडा आड येतात.

जंजिराही यादीत होता. तट उंच, किल्ला देखणा, राजपुरीच्या बाजूने पाहिलं तर पश्चिमेलाच. पण या कामाला डावी-उजवीकडे आणि मागे-पुढे सरकायला मोकळी जागा लागते. राजपुरीला अलिबागसारखी लांबलचक पुळण नाही. मच्छीमार होडीतून फोटो घेता येतो, पण डुलत्या होडीत ट्रायपॉडचा काही उपयोग नाही.

राहिला अलिबागचा कुलाबा. पश्चिम किनाऱ्यावरचा हा जलदुर्ग शिवाजी महाराजांनी बांधायला घेतला आणि पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं ठाणं झाला. फोटोच्या दृष्टीने त्याची गंमत अशी की तो उंच नाही, लांबट आहे. उत्तर-दक्षिण सुमारे २६७ मीटर, पूर्व-पश्चिम जेमतेम १०९. तट सरासरी २५ फुटांचे. उत्तरेला लागूनच छोटा सर्जेकोट. किनाऱ्यावरून पाहिलं तर समुद्राच्या रेषेवर एक काळी, दातेरी पट्टी दिसते.

हे बुटकेपण इथे कामाला आलं. सूर्याचं बिंब आकाशात अर्ध्या अंशाहून किंचित मोठं दिसतं. एखादी वस्तू तिच्या उंचीच्या साधारण १०८ पट अंतरावरून पाहिली की ती सूर्याएवढी दिसते. जपमाळेच्या मण्यांचा आकडा, म्हणून लक्षात ठेवायला सोपा. तट आणि त्याखालचा उघडा पडणारा खडक मिळून १० मीटर धरले, तर सव्वा किलोमीटरच्या अलीकडून, सुमारे १,०८० मीटरवरून, तट आणि सूर्यबिंब एकाच उंचीचे दिसणार. अलिबागच्या किनाऱ्यावरून हे अंतर मिळतं. उंच किल्ला असता तर सूर्याला त्याच्या तोडीचं करण्यासाठी आम्हाला पाच-सहा किलोमीटर मागे जावं लागलं असतं, आणि मागे गाव आहे.

म्हणून भरती-ओहोटीचा विचार करताना एक मोह आवरावा लागला. पाणी हटलं की वाळूवरून किल्ल्याच्या जवळ जाता येतं, लोक चालत जातात, घोडागाड्याही जातात. जवळ गेलं की किल्ला मोठा होतो, पण सूर्य तेवढाच राहतो. ५०० मीटरवर तट सूर्याच्या दुप्पट आणि २०० मीटरवर पाचपट. सूर्य मोठा दाखवायचा असेल तर मागे सरकायचं आणि लेन्स वाढवायची. हा सगळा खेळ पाय कुठे रोवले यावर आहे. कॅमेरा कोणता, हा प्रश्न त्यानंतरचा.

अमावास्येची ओहोटी

सूर्यग्रहण अमावास्येलाच होतं हे शाळेत शिकलेलं असतं. पण किनाऱ्यावर फोटो काढणाऱ्यासाठी त्यातून आणखी एक गोष्ट निघते, ती आमच्या अलिबागच्या मित्राने पहिल्याच फोनवर सांगितली. कोळी मंडळी भरतीची वेळ तिथीवरून काढतात: तिथीची पाऊणपट. अमावास्या म्हणजे पंधरा, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे पाणी दुपारी बाराच्या आसपास चढून उभं राहणार, आणि तिथून सहा तासांनी, सूर्यास्ताच्या सुमाराला, तळाला जाणार. अमावास्येची भरती उधाणाची, तशीच ओहोटीही खोल.

याचा अर्थ कोकणात संध्याकाळचं सूर्यग्रहण नेहमी खोल ओहोटीतच दिसणार. किल्ल्यापर्यंतची वाळू उघडी पडलेली, तिच्यावर पाण्याचा पातळ थर राहिलेला आणि त्या थरात आकाशाचा रंग. त्याच किल्ल्याचं भरतीतलं चित्र वेगळं असतं, तट पाण्यातून सरळ वर आलेले आणि समोर लाटा. आम्हाला वाळूचा आरसा हवा होता आणि तिथीने तो आपणहून दिला. ओहोटी-भरतीचं तक्तापुस्तक पाहून खात्री केलीच, पण पाऊणपटीचा हिशोब चुकला नाही.

दुसरी बाजूही होती. इतकी लांब उघडी वाळू म्हणजे किल्ल्याकडे जाणारी-येणारी माणसं आणि गाड्या थेट आमच्या चौकटीत. यावर वाद झाला. एकाला किल्ला निर्मनुष्य हवा होता. माझं म्हणणं होतं की माणूस असावा, एकट्याने चालणारा, म्हणजे तटाचं माप कळतं. शेवटी माणसं येतील तशी येऊ द्यायचं ठरलं. अमावास्येच्या, ग्रहणाच्या संध्याकाळी गर्दी कमी असेल हा अंदाज होताच. मित्राच्या आजींनी तर वेध लागल्यापासून घरातल्या कोणी बाहेर पडू नये असं स्पष्ट सांगितलं होतं. पाण्यावर, दुधावर तुळशीची पानं ठेवली होती. आम्ही त्यांना ग्रहण पाहायच्या खास चष्म्यातून अंगणातूनच ग्रहण दाखवायचं कबूल केलं, आणि त्यांनी ते पाहिलं.

२३ तारखेची रंगीत तालीम

सूर्याची दिशा कागदावर काढता येते. किल्ल्याचा कोणता बुरूज नेमका कुठून २५७ अंशांवर येतो हे मात्र वाळूत उभं राहून पाहावं लागतं. होकायंत्राला आपल्याकडे एक सोय आहे: कोकणात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांच्यात एक अंशाचाही फरक नाही. मोबाइलमधलं होकायंत्र मात्र बाजूला गाडी किंवा लोखंडी खांब असला की भरकटतं, म्हणून त्यावर विसंबलो नाही. सगळ्यात भरवशाचं साधन म्हणजे आदल्या दिवशीचा सूर्य.

आदला दिवस २४ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन. त्या संध्याकाळी घर सोडून कोणी किनाऱ्यावर जाणार नव्हतं आणि कोणी जावं असंही नव्हतं. म्हणून मित्र २३ तारखेला गेला. किनाऱ्यावरून दक्षिणेकडे चालत गेलं की किल्ला सूर्याच्या मानाने उजवीकडे सरकतो आणि उत्तरेकडे आलं की डावीकडे. मुख्य चौपाटीवरून किल्ला बराच नैऋत्येला पडतो, त्यामुळे तो दक्षिणेकडे चालत राहिला आणि सूर्य तटाच्या हव्या त्या भागावर टेकला तिथे सुरूच्या एका झाडाला खूण केली.

पण २३ चा सूर्य २५ चा नव्हे. या दिवसांत सूर्य रोज दक्षिणेकडे सरकत असतो, त्याचा मावळण्याचा बिंदू रोज एका अंशाच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडा जास्त डावीकडे जातो. दोन दिवसांत पाऊण अंशाच्या जवळपास. म्हणजे सूर्याच्या पूर्ण बिंबापेक्षा जास्त. किल्ला १ किलोमीटरवर असेल तर तेवढ्यासाठी फोटो काढणाऱ्याला १३ मीटर सरकावं लागतं, उत्तरेच्या बाजूला. मित्राने सुरूच्या झाडापासून तेरा मोठी पावलं मोजली आणि तिथे दुसरी खूण केली. ग्रहणाच्या दिवशी ट्रायपॉड त्या दुसऱ्या खुणेवर उभा राहिला. सूर्यास्तही रोज अर्धा मिनिटभर लवकर होत होता, तो हिशोबात धरला.

तेरा मीटर क्षुल्लक वाटतात. पण न सरकता तिथेच उभं राहिलो असतो, तर सूर्य ठरवलेल्या जागेच्या एक बिंब आणि वर थोडा डावीकडे टेकला असता. चारशे मिलिमीटरच्या लांब पल्ल्याच्या लेन्समध्ये हा फरक डोळ्यांत भरतो.

तटाचा कोणता भाग, यावरही दोन मतं होती. एक पर्याय होता कुलाबा आणि सर्जेकोट यांच्यामधली फट: सूर्य दोन किल्ल्यांच्या मधे थेट पाण्यात उतरेल. चित्र म्हणून हेच जास्त सुंदर. पण त्यासाठी क्षितिज अगदी शेवटच्या अर्ध्या अंशापर्यंत स्वच्छ लागतं. पावसाळा संपता संपता समुद्रावर क्षितिजालगत ढगांची किंवा धुरकटाची पट्टी बहुतेक वेळा असते, आणि सूर्य पाण्याला टेकण्याआधीच त्या पट्टीत विरून जातो. त्या वर्षी पाऊसही लांबला होता. नैऋत्य मोसमी वारे देशातून पूर्ण माघारी गेले ते २३ ऑक्टोबरला, म्हणजे ग्रहणाच्या दोनच दिवस आधी. हवेत ओल भरपूर होती. फटीवर डाव लावला असता तर सगळं त्या पट्टीच्या हाती गेलं असतं. तटाची कड पट्टीच्या थोडी वर राहण्याची शक्यता होती. आम्ही तट निवडला.

ग्रहणाच्या आकाराची एक गोष्टही तटाच्या बाजूने होती. चंद्र सूर्याच्या उत्तर अंगावरून जाणार होता. पश्चिमेला तोंड करून उभं राहिलं की उत्तर उजव्या हाताला येते. म्हणून ग्रासाची, म्हणजे झाकलेल्या भागाची, सुरुवात बिंबाच्या उजव्या कडेला, मध्याला तो वर-उजवीकडे आणि सूर्यास्ताच्या सुमाराला जवळजवळ माथ्यावर, असा त्याचा प्रवास होता. सूर्य तटामागे खालून झाकला जातो, तेव्हा माथ्यावरची खाच शेवटपर्यंत दिसत राहते. खाच तळाला असती तर तटाने आधी तीच गिळली असती आणि उरलेला सूर्य रोजच्यासारखाच दिसला असता. जागा ठरवणाऱ्यांनी ग्रासाची बाजू आधी तपासावी असं मी आग्रहाने सांगेन. तिथी, वेळ, टक्केवारी सगळे पाहतात. खाच कुठल्या अंगाला आहे ते फार थोडे पाहतात.

दोन कॅमेरे, दोन कामं

पहिल्या कॅमेऱ्यावर शंभर ते चारशे मिलिमीटरची लेन्स. पूर्ण आकाराच्या सेन्सरवर चारशेच्या लेन्समध्ये चौकटीची रुंदी ५ अंश भरते आणि सूर्याची प्रतिमा ३.७ मिलिमीटर, म्हणजे चौकटीच्या उंचीच्या सातव्या हिश्शाच्या जवळपास. १ किलोमीटरवर ५ अंशांत तटाचे सुमारे ९० मीटर मावतात. अख्खा किल्ला हवा असेल तर १३५ मिलिमीटरपर्यंत खाली यावं लागतं आणि सूर्य सव्वा मिलिमीटरचा होतो. आम्ही चारशेपासून सुरुवात करून सूर्य टेकल्यावर दोनशेपर्यंत मोकळं करायचं ठरवलं.

दुसऱ्या कॅमेऱ्यावर ८५ ची लेन्स, कॅमेरा उभा. याचं काम एकच: ४:४९ पासून सूर्यास्तापर्यंत जागचं न हलता दर पाच मिनिटांनी एक फोटो. पाच मिनिटांत सूर्य सव्वा अंशाच्या आतबाहेर खाली येतो, म्हणून दोन बिंबांच्या मधे बिंबाहून थोडं जास्त अंतर राहतं आणि माळ सुटसुटीत दिसते. स्पर्शाच्या वेळी सूर्य १७ अंशांवर होता आणि दिशा २५० अंश. अस्ताला २५७. म्हणजे तो सरळ खाली न येता उजवीकडे तिरका उतरणार. उभ्या चौकटीत ८५ ची लेन्स साधारण २४ अंश उंची आणि १६ अंश रुंदी घेते. त्यामुळे किल्ला चौकटीच्या तळाशी उजव्या बाजूला ठेवला आणि डावा-वरचा कोपरा सुरुवातीच्या सूर्यासाठी रिकामा सोडला. मधोमध किल्ला धरून चौकट बांधली की अशा माळेचा पहिला किंवा शेवटचा सूर्य कापला जातो.

फिल्टरचं सांगायचं तर, सूर्यासाठी खास बनवलेला, प्रकाश लाखाव्या हिश्शावर आणणारा फिल्टर लेन्सच्या पुढच्या तोंडावर लागतो. मागे किंवा डोळ्याजवळ लावलेला चालत नाही, कारण लेन्समधून गोळा झालेली उष्णता आधीच त्याच्यावर येते. काजळी धरलेली काच, एक्स-रेची फिल्म, एकावर एक चढवलेले गॉगल यांतलं काहीही डोळ्यांना सुरक्षित नाही. पडद्यावर पाहूनच चौकट जुळवायची, आरशाच्या कॅमेऱ्याच्या खिडकीतून बघायचं नाही, हा नियम आम्ही शेवटपर्यंत पाळला. सूर्य लाल आणि मंद झाल्यावरही पाळला. मंद दिसणारा सूर्यही लांब लेन्समधून डोळ्याला इजा करू शकतो.

एफ ८, आयएसओ १०० आणि सेकंदाचा चारशेवा भाग, हे फिल्टर लावलेल्या सूर्यासाठी सुरुवातीचं गणित. सूर्य जसा खाली येतो तसा त्याचा प्रकाश हवेच्या जास्त जाड थरातून येतो, आणि शेवटच्या पाच-सहा अंशांत उजेड भराभर पडतो. त्यामुळे एकदा ठरवलेलं माप माळेभर टिकत नाही. दर दोन-तीन फोटोंनंतर हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, पाहून शटर सावकाश करत जावं लागलं.

खरी अडचण फिल्टर काढण्याच्या क्षणाची. फिल्टर असेपर्यंत किल्ला चौकटीत काळोखात बुडालेला, सूर्य एकटा लटकलेला. फिल्टर काढला की किल्ला, वाळू, आकाश सगळं येतं, पण सूर्य पांढरा डाग होतो आणि त्याची खाच त्या पांढऱ्यात बुडते. मधली एक छोटी वेळ असते, जेव्हा सूर्य इतका मंदावलेला असतो की उघड्या लेन्समध्येही त्याची कड शाबूत राहते आणि किल्ल्याची काळी रेघ लख्ख उठते. ती वेळ आधी सांगता येत नाही. हवेतल्या धुरकटावर ती अवलंबून असते. दिवाळीच्या फटाक्यांचा धूर त्यात भर घालणार हे गृहीत होतं. बाकी सगळ्या वेळा आमच्या कागदावर मिनिटांत लिहिलेल्या होत्या. इथे फक्त लिहिलं होतं: दर मिनिटाला तपास.

प्रत्यक्षात

साडेतीनला किनाऱ्यावर पोचलो तेव्हा पाणी उतरत होतं आणि खुणेच्या जागेपुढची वाळू अजून भिजलेली होती. ओल्या वाळूत ट्रायपॉडचे पाय हळूहळू रुततात. साध्या फोटोत ते कळत नाही, पण सव्वा तासाच्या माळेत पहिला आणि शेवटचा सूर्य एकाच चौकटीचे राहत नाहीत. मित्राने घरून फरशीचे तीन तुकडे आणले होते. दुसऱ्या ट्रायपॉडचा प्रत्येक पाय एकेका तुकड्यावर, मधल्या दांड्याला पाण्याची भरलेली बाटली टांगलेली. समुद्रावरून वारा होता, म्हणून कॅमेऱ्याचा पट्टा काढून ठेवला. लेन्सवर खाऱ्या तुषारांचा थर साचतो, फिल्टरवरही साचतो. तो कोरड्या फडक्याने घासला तर फिल्टरच्या पातळ पापुद्र्याला चरे पडतात, म्हणून फुंकणीने उडवत राहिलो.

४:४९ नंतर दोन-तीन मिनिटांत उजव्या कडेला सपाटी दिसली. तिथून पुढे काम यंत्रासारखं. ५:४२ ला खाच सगळ्यात खोल होती आणि किनाऱ्यावरची मुलं चष्म्यासाठी रांग लावून उभी होती. आम्ही दोन चष्मे फिरते ठेवले होते. चहावाल्या मावशींनी आधी नको म्हटलं, मग पाहिलं, मग आपल्या नातवाला बोलावून आणलं. याच वेळी चारशेच्या लेन्सने नुसत्या सूर्याचे फोटो घेतले. ते ग्रहणाचे चांगले पुरावे आहेत, पण कुठल्याही गच्चीवरून ते तसेच आले असते.

पावणेसहानंतर पट्टी दिसायला लागली. अपेक्षेपेक्षा उंच, क्षितिजापासून अंशाच्या पुढे, राखाडी-जांभळी. पट्टीच्या वर सूर्य नारिंगी होता, पट्टीत शिरताच त्याचा रंग विटकरी झाला आणि उजेड एकदम पडला. ५:५७ च्या तपासात उघड्या लेन्समध्येही सूर्याची कड धरून होती. फिल्टर उतरवला आणि मग वेगवेगळ्या शटरवर पाच-पाच फोटोंचे संच घ्यायला लागलो. सर्वात चांगला फोटो ६:०१ च्या सुमाराचा आहे, ठरवलेल्या वेळेच्या थोडा आधीचा: सूर्य आणि तट यांच्यात थोडं अंतर अजून उरलेलं, खाच माथ्याला किंचित उजवीकडे, खाली वाळूच्या ओलीत त्याचा लांबट तांबडा पट्टा, आणि डाव्या बाजूने किल्ल्याकडून परतणारी एक घोडागाडी. ६:०३ ला सूर्य तटावर टेकला तेव्हा तो इतका फिका पडला होता की खाच डोळ्यांना कळत होती, पण कॅमेऱ्यात कड मऊ झाली होती. फटीची निवड केली असती तर हाती काहीच आलं नसतं, कारण तटाच्या उंचीखाली सूर्य आम्हाला दिसलाच नाही.

जागा मात्र बरोबर निघाली. टेकण्याचा बिंदू ठरवलेल्या कंगोऱ्यापासून अर्ध्या बिंबाच्या आत होता. तेरा पावलांचा हिशोब जमला याचं आम्हाला त्या संध्याकाळी सगळ्यात जास्त समाधान वाटलं.

दुसऱ्या कॅमेऱ्याच्या माळेत पट्टीच्या वरचे सगळे सूर्य नीट आहेत, शेवटचा एक विरलेला. ते जोडताना प्रत्येक बिंब जिथे टिपलं तिथेच ठेवलं, मोठं केलं नाही, हलवलं नाही. किल्ला आणि वाळू त्याच चौकटीतून फिल्टरशिवाय घेतलेली. त्या चित्राखाली आम्ही 'जोडचित्र, एकाच जागेवरून एकाच लेन्सने' असं लिहितो. दुसरीकडचा मोठा सूर्य किल्ल्यावर आणून चिकटवणं संगणकावर दोन मिनिटांचं काम आहे. पण २५ ऑक्टोबरच्या संध्याकाळी अलिबागच्या त्या खुणेवर उभ्या असलेल्या माणसाला सूर्य जेवढा आणि जिथे दिसला तेवढा आणि तिथे दाखवणं, यासाठीच तर जागा शोधण्याचा सगळा खटाटोप होता. ते सोडलं तर तिथी, ओहोटी, तेरा पावलं, कशालाच अर्थ राहत नाही.

पुढच्या ग्रहणांसाठी आमच्या वहीत हीच तीन खाती आहेत: सूर्याची उंची, दिशा आणि खाचेची बाजू. भारतातून यानंतर दिसणारं सूर्यग्रहण २ ऑगस्ट २०२७ चं, आपल्याकडे खंडग्रास, दुपारनंतर, आणि ऐन पावसाळ्यात. कोकणात त्यावर भिस्त ठेवता येणार नाही. त्याच दिवशी इजिप्तमध्ये लक्सरजवळ ते खग्रास आणि सहा मिनिटांहून मोठं आहे, म्हणून सगळे तिकडे निघालेत. पण तिथे सूर्य ८२ अंशांवर, जवळपास डोक्यावर असेल. देवळांचे खांब आणि सूर्य एका चौकटीत आणायचे तर खांबाच्या पायाशी आडवं होऊन अतिरुंद लेन्सने वर पाहावं लागेल, आणि तरी सूर्य टाचणीच्या टोकाएवढाच येईल. याउलट १२ ऑगस्ट २०२६ चं स्पेनमधलं खग्रास सूर्यास्ताजवळचं, उत्तर भागात क्षितिजापासून १० अंशांच्या आसपास आणि माजोर्का बेटावर पाल्माला तर जेमतेम अडीच अंशांवर. खग्रासाचा अवधी तिथे दोन मिनिटांहूनही कमी, पण किल्ले, कडे, समुद्र सगळं सूर्याच्या हाताशी. मला विचाराल तर दृश्यासह ग्रहण टिपणाऱ्यासाठी लक्सरच्या सहा मिनिटांपेक्षा पाल्माचे अडीच अंश मोलाचे, फक्त तिथेही क्षितिजावरची पट्टी आधी दोन-तीन संध्याकाळी जाऊन पाहायला हवी.